अपुरं ते अपुरंच ऐकू द्या

१९६७ साल उजाडलं तेव्हा अमेरिकेतल्या कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने एका अल्बमची चार लाखांहून अधिक वेष्टनं छापून घेतली होती. पुढच्या बाजूला फ्रँक होम्सने काढलेलं हसू विकणाऱ्या दुकानाचं चित्र, मागच्या बाजूला बारा गाण्यांची नावं आणि सोबत एक सूचना: गाण्यांचा खरा क्रम तबकडीवरच्या लेबलवर पाहावा. ते लेबल असलेली तबकडी कधी निघालीच नाही. बीच बॉइज या बँडची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या डेरेक टेलरने मे महिन्यात ‘स्माईल’ हा अल्बम रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि छापलेली वेष्टनं वाया गेली. या अल्बमचा कर्ता ब्रायन विल्सन जून २०२५मध्ये वारला, तोवर ‘स्माईल’चे बहुतेक सगळे तुकडे जगाला ऐकायला मिळाले होते. त्याचं श्रेय विल्सनला आणि त्याच्या साथीदारांना आहेच. पण त्यातला एक मोठा वाटा अशा लोकांचा आहे, ज्यांचं नाव कुठल्याही वेष्टनावर नाही आणि ज्यांनी जे केलं ते कायद्याच्या विरुद्ध होतं. ते म्हणजे टेपच्या चोरट्या नकला काढून एकमेकांना पोचवणारे चाहते. अपुऱ्या राहिलेल्या कामाशी कसं वागावं हे रेकॉर्ड कंपन्यांपेक्षा या मंडळींना जास्त चांगलं कळलं होतं, असं माझं मत आहे. त्यांनी जे पथ्य पाळलं तेच आता कंपन्यांनी उघडपणे पाळावं आणि कायद्याने त्यांना ते पाळायला लावावं. अपुरं काम अपुरं म्हणूनच ऐकू द्यावं. पदरचं घालून ते पुरं झाल्यासारखं विकू नये.

‘स्माईल’ अपुरा राहिला म्हणजे नेमकं काय झालं, हे कळण्यासाठी तो कसा बनत होता ते पाहायला हवं. मे १९६६मध्ये ‘पेट साउंड्स’ निघाला, त्याच सुमाराला विल्सन एका वेगळ्याच पद्धतीने काम करू लागला होता. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाजवून घ्यायचं नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या स्टुडिओंत, निरनिराळ्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित करायचे आणि मग त्यातले हवे ते जोडून गाणं उभं करायचं. ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे साडेतीन मिनिटांचं गाणं असं फेब्रुवारी ते सप्टेंबर १९६६ या काळात लॉस एंजेलिसमधल्या चार स्टुडिओंमध्ये तयार झालं आणि वर्ष संपायच्या आत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एका गाण्याला लागू पडलेली ही पद्धत विल्सनने गीतकार व्हॅन डाइक पार्क्सच्या साथीने अख्ख्या अल्बमला लावायची ठरवली. इथे अडचण आली. तुकड्यांची संख्या वाढत गेली. ‘हीरोज अँड व्हिलन्स’ या एकाच गाण्यासाठी इतके तुकडे जमले की त्यातून कितीतरी वेगवेगळी गाणी निघाली असती. त्या काळी टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडावी लागे. क्रम बदलून पाहायचा तर पुन्हा कापाकापी, पुन्हा नक्कल. मनात शंभर क्रम येत असतील, तरी हाताने त्यातले मोजकेच करून पाहता येत. भरीला विल्सनचं बिघडत चाललेलं मानसिक आरोग्य, अमली पदार्थ, पार्क्सच्या गीतांवरून बँडमध्ये झालेले मतभेद, मानधनावरून कॅपिटॉलशी सुरू झालेला खटला. १९६७च्या वसंतात पार्क्स बाजूला झाला. सप्टेंबरमध्ये अल्बम आला तो ‘स्माइली स्माईल’ नावाचा, घरगुती वळणाचा, त्यातली बरीच गाणी नव्याने आणि साधेपणाने वाजवलेली.

म्हणजे ‘स्माईल’ हा नव्वद टक्के रंगवून झालेला आणि शेवटचा हात फिरवायचा राहून गेलेला अल्बम नव्हता. त्याचे भाग होते, रचना नव्हती. बँडने पुढच्या काही वर्षांत त्यातले एकेक भाग सोडवून घेतले: ‘अवर प्रेअर’ आणि ‘कॅबिनेसन्स’ १९६९च्या अल्बमात गेले, ‘सर्फ्स अप’ १९७१मध्ये आलं. बाकीचं कपाटात राहिलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मात्र त्या कपाटातल्या टेपच्या नकला चाहत्यांच्या हाती येऊ लागल्या. आधी कॅसेट, मग कुणीतरी चोरून छापलेल्या तबकड्या, मग सीडी. कॅसेटवरून कॅसेट काढली की दर नकलेत वरचे सूर बोथट होतात आणि सरसर वाढते. चौथ्या-पाचव्या हाताची नक्कल ऐकणाऱ्याला आधी ती सरसर ऐकू यायची आणि तिच्या पलीकडून संगीत. तरीही लोक ऐकत राहिले, कारण त्या टेपवर जे होतं ते कुठल्याही प्रसिद्ध अल्बमवर नसतं. एकच तुकडा दहा-बारा वेळा वाजवला जातोय, चोवीस वर्षांचा विल्सन काचेपलीकडून वादकांना थांबवतोय, एखाद्या वाद्याची लय किंचित मागे ओढायला सांगतोय, पुन्हा सुरू करतोय. काम कसं होतं ते तिथे ऐकू येत होतं.

आणि ऐकणारे नुसते ऐकत बसले नाहीत. कुठला तुकडा कुठल्या दिवशीचा, कुठल्या स्टुडिओतला, वादक कोण, याची जुळणी त्यांनी केली. वादकांच्या संघटनेकडे भरल्या जाणाऱ्या मानधनाच्या कागदांवर तारखा आणि नावं असतात; त्यावरून टेपचा माग काढला गेला. डॉमिनिक प्रायोर याने १९८८मध्ये वर्तमानपत्री कात्रणं, लेख आणि कागदपत्रं एकत्र करून एक जाडजूड संकलन छापलं, ते पुढे या विषयाचं मूलभूत साधन ठरलं. या कामात चुकाही झाल्या. एका जुन्या बूटलेगवर, म्हणजे चोरून काढलेल्या आवृत्तीवर, तर माइल्स डेव्हिसच्या एका ध्वनिमुद्रणाला ‘स्माईल’मधल्या गाण्याचं नाव चिकटवलेलं होतं. अशा चुका कमी लेखायचं कारण नाही. पण एक गोष्ट या सगळ्या खटाटोपातून टिकली: हे काम पुरं नाही, याचा क्रम कुणालाच माहीत नाही, ही जाणीव. ज्याने त्याने आपापला क्रम लावून पाहिला आणि तो आपला आहे, विल्सनचा नव्हे, हे सांगितलं. सांधे झाकले गेले नाहीत.

‘सर्फ्स अप’ या एकाच गाण्याकडे बारकाईने पाहिलं तर याचं मोल कळतं. त्याच्या पहिल्या भागाची वाद्यसंगत नोव्हेंबर १९६६मध्ये ध्वनिमुद्रित झाली. डिसेंबरमध्ये विल्सनने एकट्याने पियानोवर अख्खं गाणं गायलं. एप्रिल १९६७मध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांनी सादर केलेल्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात तो असाच एकटा गाताना अमेरिकेला दिसला. १९७१मध्ये गाणं पुरं करायचं ठरलं तेव्हा पहिला भाग त्याचा भाऊ कार्ल याने नव्याने गायला, त्याला १९६६चा पियानोवरचा मधला भाग जोडला आणि शेवटाला नवे आवाज चढवले. २०११मध्ये ‘द स्माईल सेशन्स’ हा अधिकृत संच निघाला, त्यात संगणकाच्या मदतीने विल्सनचा १९६६चाच आवाज पियानोवरून उचलून त्याच वर्षीच्या वाद्यसंगतीवर बसवला आहे. कार्लचं गाणं सुंदर आहे, २०११ची जोडणी कौशल्याची आहे. आणि तरीही पियानोवरचा एकटा विल्सन ऐकला नसेल, तर पुढच्या दोन्ही रूपांत कोणी काय घातलं हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. या संचाची खरी श्रीमंती माझ्या लेखी त्यातल्या पहिल्या सीडीवर नाही, जिथे अल्बम असाच झाला असता असं गृहीत धरून क्रम लावला आहे. ती पुढच्या सीडींवर आहे, जिथे तुकडे, टेक, मध्येच थांबलेले सूर जसेच्या तसे आहेत. संपादकांनी तुकड्यांना जागा दिली, तारखा दिल्या, जोडलेलं आणि मूळ वेगळं ठेवलं. चाहत्यांची पद्धतच कंपनीने सन्मानाने उचलली.

याच्या उलट काय होतं याचे दाखले कमी नाहीत. जिमी हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० रोजी गेला तेव्हा त्याच्या मागे अर्धवट ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा होता. १९७५मध्ये निर्माता अॅलन डग्लस याने त्यातून ‘क्रॅश लँडिंग’ हा अल्बम काढला. हेंड्रिक्सबरोबर मुळात वाजवणाऱ्यांचे ड्रम आणि बास काढून टाकून तिथे स्टुडिओतले भाड्याचे वादक बसवले आणि काही गाण्यांवर डग्लसने सहरचनाकार म्हणून स्वतःचं नावही लावलं. मेलेल्या माणसाला न विचारता त्याची संगत बदलायची, हे मला अक्षम्य वाटतं. त्या वादकांनी हेंड्रिक्सच्या वाजवण्याला उत्तरं दिली होती, त्यानेही त्यांना दिली होती. एक बाजू पुसली की दुसरीचा अर्थ उरत नाही. हा अल्बम अमेरिकेत पहिल्या दहांत गेला, म्हणजे खूप लोकांनी हेंड्रिक्स म्हणून जे ऐकलं ते अर्धं त्याचं नव्हतंच. १९९५मध्ये हक्क हेंड्रिक्सच्या कुटुंबाकडे आले, त्यानंतरच ही धारा बदलली.

बॉब डिलनच्या ‘बेसमेंट टेप्स’ची गोष्ट इतकी क्रूर नाही, पण जास्त शिकवणारी आहे. १९६७मध्ये डिलन आणि पुढे ‘द बँड’ म्हणून गाजलेले त्याचे साथीदार न्यूयॉर्क राज्यातल्या वूडस्टॉकजवळ एका घराच्या तळघरात रोज जमत आणि गार्थ हडसन ते टेपवर घेत असे. अल्बम करायचा असा हेतूच नव्हता. जुलै १९६९मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पांढऱ्या कोऱ्या वेष्टनात एक जोडतबकडी विकायला आली. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाने ओळखली जाणारी ही रॉक संगीतातली पहिली गाजलेली बूटलेग. तिच्यात या तळघरातली काही गाणी होती. १९७५मध्ये कंपनीने अधिकृत आवृत्ती काढली, तेव्हा काही ध्वनिमुद्रणांवर नवी वाद्यं चढवली आणि डिलन ज्यात नाही अशी बँडची आठ गाणीही त्यात घातली. ‘आयॅम नॉट देअर’ हे गाणं मात्र वगळलं. त्या गाण्याचे शब्द पुरे झालेले नाहीत. कित्येक ओळींत डिलन शब्दांच्या जागी नुसते आवाज काढतो, अर्थ लागतो न लागतो तोच ओळ निसटून जाते, आणि गाण्याची सगळी व्याकुळता त्या निसटण्यात आहे. शब्द पुरे करून, पुन्हा गाऊन ते छापलं असतं तर एक बरं गाणं मिळालं असतं आणि हे गाणं गेलं असतं. अधिकृतपणे ते यायला २००७ साल उजाडावं लागलं. चाळीस वर्षांनी. तोवर ते ज्यांनी ऐकलं, त्यांनी चोरट्या नकलेवरच ऐकलं. २०१४मध्ये हडसनच्या टेपवरून सगळा संच निघाला, तोही वर काही न चढवता.

या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की कलाकाराने नको म्हटलं असेल तर आपण कोण? कच्चं काम लपवण्याचा हक्क त्याला आहेच. ‘स्माईल’च्या बाबतीत तर हा आक्षेप अधिकच टोचतो, कारण त्या टेप विल्सनसाठी आजारपणाच्या दिवसांशी जोडलेल्या होत्या. नोव्हेंबर १९६६मध्ये आगीवरच्या तुकड्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना वादकांच्या डोक्यावर अग्निशामक दलाच्या खेळण्यातल्या टोप्या होत्या; त्यानंतर आसपास आग लागल्याचं कळलं आणि आपल्या संगीतामुळेच ती लागली, अशी भीती त्याच्या मनात बसली. ती टेप आपण नष्ट केली असं तो पुढे सांगत असे. प्रत्यक्षात ती शाबूत होती. अशा माणसाचं दुखणं त्याच्या पाठीमागे कॅसेटवर फिरत होतं, हे विसरून चाहत्यांचा गौरव करता येत नाही. २००४मध्ये विल्सनने स्वतःच ‘स्माईल’ पुरा करून लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गायला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, म्हणून आधीचं सगळं माफ, असं मी म्हणणार नाही. शेवट गोड झाला म्हणून वाट बरोबर ठरत नाही. प्रिन्सचं उदाहरण उलट बाजूचं आहे. डिसेंबर १९८७मध्ये त्याने ‘ब्लॅक अल्बम’ बाजारात यायच्या तोंडावर मागे घेतला आणि पुढे एका गाण्याच्या चित्रफितीत तो विकत घेऊ नका असा संदेशही दडवला. तरीही लोकांनी त्याच्या नकला धडाधड घेतल्या. तिथे मी प्रिन्सच्या बाजूचा आहे. काम त्याने पुरं केलं होतं, विचार करून नाकारलं होतं, आणि तो नको म्हणत होता तेव्हा ते घेणं हा त्याचा अवमान होता.

म्हणून मला फरक करावासा वाटतो तो इथे. जिवंत कलाकाराचा स्पष्ट नकार पाळला पाहिजे, कंपनीनेही आणि चाहत्यांनीही. पण ‘प्रसिद्ध करू नका’ हा नकार वेगळा आणि जगात ते नव्हतंच असं करून टाकणं वेगळं. पहिला हक्क कलाकाराचा आहे. दुसरा कुणाचाच असू नये, आणि कंपनीचा तर अजिबातच नाही. ‘स्माईल’ २००४मध्ये उभा राहू शकला, कारण तुकडे शिल्लक होते आणि ते ओळखणारी माणसं शिल्लक होती. विल्सनच्या वाद्यवृंदातला डॅरियन सहानजा हा स्वतः या टेपचा जुना जाणकार. त्याने सगळे तुकडे लॅपटॉपवर घेतले, जेणेकरून विल्सनला एकेक ऐकून, मागेपुढे सरकवून पाहता येईल. १९६७मध्ये ब्लेड आणि चिकटपट्टीने जे जमलं नव्हतं, ते आता बसल्या जागी होऊ लागलं. एका जुन्या गीतातला शब्द लागेना, तेव्हा विल्सनने पार्क्सला फोन केला, आणि पार्क्स कामात पुन्हा सामील झाला. सदतीस वर्षं थांबलेलं काम पुढे सरकलं. ज्यांनी या तुकड्यांची ओळख मधल्या काळात जागती ठेवली, त्यांच्याशिवाय ते इतक्या सहज सरकलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि चोरीचा. तो मी पुरता मान्य करतो. बूटलेगचा धंदा करणाऱ्यांनी कलाकाराला एक पैसा दिला नाही, आणि २००३मध्ये पोलिसांनी बीटल्सच्या जानेवारी १९६९मधल्या तालमींच्या सुमारे ५०० टेप छापा घालून परत मिळवल्या, त्या कुणीतरी मुळात पळवलेल्याच होत्या. त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण नक्कल फुकट देणारा चाहता आणि ती छापून विकणारा धंदेवाला यांना एकाच मापाने मोजणंही बरोबर नाही. शिवाय कंपन्यांनी दारं उघडल्यावर त्यांचा धंदा बुडाला नाही. डिलनच्या कंपनीने १९९१पासून जुनी अप्रकाशित ध्वनिमुद्रणं काढायला सुरुवात केली, मालिकेला नावच ‘बूटलेग सिरीज’ दिलं, आणि ती मालिका तीस वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. अपुरं, कच्चं ऐकायला लोक पैसे द्यायला तयार असतात. त्यांना फक्त खरं काय ते सांगावं लागतं.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं भक्तीपोटी फुगवलेलं आहे, न निघालेला अल्बम नेहमीच मनातल्या मनात महान होतो. यात तथ्य आहे. ‘स्माइली स्माईल’वर कित्येक वर्षं अन्याय झाला तो याच कारणाने: कुणीही न ऐकलेल्या गोष्टीशी त्याची तुलना होत राहिली. पण या फुगवट्यावर इलाज एकच, तो म्हणजे ऐकायला देणं. २०११च्या संचात काही तुकडे अप्रतिम आहेत आणि काही, मला तरी, चाचपडणारे वाटतात. ते मी आता म्हणू शकतो, कारण ते समोर आहेत.

कायद्याचं म्हणाल तर युरोपीय संघाने २०११मध्ये एक पाऊल योग्य दिशेने टाकलं. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० केली, पण जे ५० वर्षांत प्रसिद्ध केलं नाही त्याला ही वाढ दिली नाही. त्याबरोबर कंपन्यांची कपाटं उघडू लागली. २०१३च्या डिसेंबरमध्ये बीटल्सची १९६३मधली ५९ अप्रकाशित ध्वनिमुद्रणं विक्रीला आली. बीच बॉइजच्या जुन्या टेपचेही असेच संच निघाले. पण पळवाटही लगेच सापडली. डिलनच्या कंपनीने २०१२च्या अखेरीस युरोपात एक संच काढला, त्याच्या प्रती होत्या सुमारे १००. हक्क टिकवण्यापुरती प्रसिद्धी झाली, ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही, आणि त्याच्याही चोरट्या नकला फिरू लागल्या. प्रसिद्धी म्हणजे कुणालाही मागता येईल आणि मिळेल अशी प्रसिद्धी, आणि वर काही चढवलं असेल तर ते कोणी, कधी चढवलं हे सांगण्याची सक्ती, इतकं त्या कलमात घातलं तर ही पळवाट बुजेल. भारतात तर याहून मागची अवस्था आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा हक्क ६० वर्षं चालतो, पण ती वर्षं प्रसिद्धीपासून मोजली जातात. जे कधी प्रसिद्धच केलं नाही त्याची गणती सुरूच होत नाही, म्हणून ते बाहेर काढण्याची घाई कुणाला नसते. महाराष्ट्रात आणि गोव्यात खासगी मैफलींच्या किती टेप घराघरांतल्या पेट्यांमध्ये पडून आहेत, हे ज्यांना गाण्याचा नाद आहे त्यांना सांगायला नको. टेपवरचा लेप सुटायला कायद्याच्या मुदतीची गरज लागत नाही. अप्रकाशित ध्वनिमुद्रणांसाठी ५० वर्षांची अट आपल्याकडेही यावी, आणि तोवर या टेप जशा आहेत तशा, एकही सूर न साफ करता, एखाद्या सार्वजनिक संग्रहात नकलून ठेवण्याची मुभा वारसांच्या संमतीने मिळावी, ही मागणी आता करायला हवी.